सुगंधी तेल : एका चमच्याला किती थेंब?

धानावर तुडतुडे आले म्हणजे आपल्या जिल्ह्यातला शेतकरी कृषी केंद्रात जातो आणि औषधाची बाटली घेताना पहिला प्रश्न विचारतो, ‘पंपाला किती टाकू?’ पंधरा लिटरच्या पंपाला किती मिली, हे कळल्याशिवाय तो फवारणी करीत नाही. बाटलीतले औषध तसेच्या तसे धानावर ओतावे असे कोणाच्याही मनात येत नाही. पण तीच मंडळी दहा मिलीची सुगंधी तेलाची बाटली घरी आणतात तेव्हा हा प्रश्न विचारायला विसरतात. बाटलीवर ‘तेल’ असा शब्द असतो. तेल म्हणजे अंगाला लावायचेच, अशी आपली लहानपणापासूनची समजूत असते. मग बाटली थेट तळहातावर उपडी होते.

आजचा विषय निवडण्यास एक प्रसंग कारणीभूत आहे, आणि त्यात चूक माझी आहे. म्हणून आधी तोच सांगतो.

‘थोडेसे’ म्हणजे किती?

मोहाडीकडील एका खेड्यातील पन्नाशीच्या बाई रोवणी आटोपल्यावर माझ्या दवाखान्यात आल्या होत्या. दिवसभर चिखलात वाकून काम केल्याने पाठ धरलेली, डोके जड आणि रात्री झोप नाही. रक्तदाब तपासला, औषध लिहून दिले. निघताना त्यांनी पिशवीतून एक लहानशी काचेची बाटली काढली. शहरात नोकरीला असलेल्या मुलाने उन्हाळ्यात आणून दिलेले लव्हेंडरचे तेल होते. ‘झोपेसाठी चांगलं असते म्हणते पोरगा. लावू का जी?’ असे त्यांनी विचारले.

बाहेर रुग्णांची गर्दी होती. मी बाटलीकडे धड पाहिलेही नाही. ‘खोबरेल तेलात थोडंसं टाकून लावा,’ एवढे बोलून मी पुढच्या रुग्णाला बोलावले.

पोळ्याच्या सुमारास त्याच बाई परत आल्या. कपाळ, पापण्या आणि मान लाल होऊन सुजलेली. बोटांवर बारीक पाण्याचे फोड. खाज इतकी की आठ दिवस झोप नव्हती. ज्या झोपेसाठी तेल लावले, तीच गेली. चौकशी केली तेव्हा कळले, की त्यांनी वाटीत दोन चमचे खोबरेल घेतले आणि त्यात अर्धी बाटली लव्हेंडर ओतले होते. ते मिश्रण तीन आठवडे रोज रात्री कपाळाला, मानेला आणि रोवणीने भेगाळलेल्या हातांना लावले. ‘तुम्हीच तं सांगतलं थोडंसं टाका म्हणून,’ असे त्या म्हणाल्या. त्यांचे बरोबर होते. दहा मिलीची अर्धी बाटली म्हणजे त्यांच्या दृष्टीने थोडेसेच होते.

हिशेब करून पाहू. अर्धी बाटली म्हणजे पाच मिली, म्हणजे सुमारे शंभर थेंब. दोन चमचे खोबरेलात चेहऱ्यासाठी मी मोजून सांगितले असते तर एक थेंब सांगितला असता. एका थेंबाच्या जागी शंभर थेंब पडले, ते माझ्या ‘थोडेसे’ या एका शब्दामुळे. पुढे नागपूरच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठीवर पट्ट्या लावून चाचणी झाली आणि त्यांना लव्हेंडरची कायमची ॲलर्जी जडल्याचे निष्पन्न झाले. आता साबण, पावडर, शाम्पू घेताना त्यांना वास बघून, वेष्टन वाचून घ्यावे लागते. तेव्हापासून मी ‘थोडेसे’ हा शब्द दवाखान्यात वापरीत नाही.

हे तेल म्हणजे नेमके काय?

तिळाचे, जवसाचे, शेंगदाण्याचे तेल घाण्यावर बी दाबून निघते. ते स्निग्ध असते. कागदावर सांडले तर तेलकट डाग राहतो. लव्हेंडर, नीलगिरी, गवती चहा, लवंग, पुदिना यांचे तेल तसे नसते. फुले, पाने किंवा गवत यांतून वाफ सोडतात, ती वाफ थंड करतात आणि पाण्यापासून जो सुगंधी थर वेगळा होतो तो काढून घेतात. हा अर्क हवेत उडून जातो. कागदावर थेंब टाकला तर बहुधा डागही राहत नाही. पाण्यात विरघळत नाही म्हणून त्याला तेल म्हणतात, इतकेच.

ही विद्या काही परकी नाही. विदर्भ-खानदेशच्या रानात तिखाडी किंवा रोशा नावाचे गवत होते. त्यापासून काढलेल्या तेलाला गुलाबाच्या जवळपास जाणारा वास असतो आणि ते पूर्वीपासून परदेशी जात आले आहे. कनौजचे अत्तरवाले देग-भपक्यावर फुलांचा सुवास उतरवतात तो परंपरेने चंदनाच्या तेलात धरतात. आयुर्वेदातील सिद्ध तेलांची रीत पाहा. वनस्पतीचा कल्क एक भाग असेल तर तेल चार भाग आणि काढा किंवा दूध यांसारखा द्रव सोळा भाग, असे सर्वसाधारण प्रमाण शार्ङ्गधरसंहितेत सांगितले आहे. पद्धती निराळ्या आहेत, पण कोणीही अंदाजाने ओतलेले नाही, प्रमाण ठरवून दिले आहे.

लव्हेंडर मात्र आपल्याकडच्या हवेचे झाड नव्हे. त्याला थंडी लागते. जम्मूमधील डोडा जिल्ह्यात भद्रवाहच्या परिसरात केंद्र सरकारच्या अरोमा मिशनखाली २०१६ नंतर त्याची लागवड वाढली आणि मक्याऐवजी अनेक शेतकरी निळ्या-जांभळ्या फुलांकडे वळले. ताज्या फुलांपासून साधारणपणे शेकडा एक भाग तेल निघते. म्हणजे दहा मिलीच्या बाटलीत जवळपास किलोभर फुलांचा अर्क असतो. किलोभर फुले आपण कधी कपाळावर चोळत नाही. तो अर्क तसाच चोळला तर कातडीला काय वाटेल, याचा विचार करावा.

त्वचेला अपाय कसा होतो?

अपाय दोन तऱ्हेचा असतो. पहिला दाह. अर्क तीव्र असला की लावल्याबरोबर किंवा काही तासांत आग होते, कातडी लाल होते. तेल पुसले, लावणे बंद केले, की काही दिवसांत बरे होते. लवंग आणि दालचिनीच्या तेलाने हे लवकर होते.

दुसरी ॲलर्जी. ही फसवी असते. पहिल्या दिवशी काही होत नाही, पहिल्या आठवड्यातही होत नाही. पण शरीराची संरक्षणव्यवस्था त्या पदार्थाची ओळख पटवून ठेवीत असते. ओळख पक्की झाली की पुढे तो पदार्थ थोडा लागला तरी कातडी उठते, खाजते, पाझरते. ही ओळख सहसा पुसली जात नाही. त्या बाईंचे हेच झाले. तीव्र अर्क, रोजचा वापर आणि भेगाळलेली कातडी, असे तिन्ही एकत्र आले. कातडी शाबूत असली तर ती बऱ्याच गोष्टी बाहेर थोपवते. भेगांतून मात्र वाट मोकळी असते.

चौथे कारणही होते, ते मला नंतर कळले. बाटली उन्हाळाभर खिडकीत, अर्धवट टोपण लावून ठेवलेली होती. लव्हेंडरच्या वासात मुख्य वाटा लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट या दोन द्रव्यांचा असतो. ताजी असताना ती तशी सौम्य असतात. हवेतील प्राणवायूशी संयोग होत गेला की त्यांपासून नवी द्रव्ये तयार होतात आणि तीच ॲलर्जी अधिक प्रमाणात करतात. स्वीडनमधील संशोधकांनी हे दाखवून दिले आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. उष्णतेने ही क्रिया आणखी वेगाने होते. म्हणजे जुने लव्हेंडर नव्यापेक्षा जास्त त्रासदायक.

जपानमधील नागोया येथील त्वचारोगतज्ज्ञांनी १९९० ते १९९८ या काळात आपल्या रुग्णांवर लव्हेंडर तेलाच्या चाचण्या केल्या. १९९७ पासून ॲलर्जी असणाऱ्यांचे प्रमाण एकाएकी वाढलेले आढळले. त्याच सुमारास त्या देशात घरोघरी वाळलेली लव्हेंडरची फुले ठेवण्याची टूम निघाली होती. वापर वाढला की त्रासही वाढतो, ‘नैसर्गिक’ म्हणून तो टळत नाही. शेवटी बिब्बाही नैसर्गिकच आहे आणि तो उतला म्हणजे काय होते हे आपल्याकडे सांगायला नको.

मिसळण्यासाठी कोणते तेल घ्यावे?

अर्क पातळ करायला साधे, बिनवासाचे, ताजे तेल लागते. ते अर्क सर्वत्र सारखा पसरवते, त्याची तीव्रता कमी करते आणि तो चटकन उडून जाऊ देत नाही. त्यासाठी महागडी परदेशी तेले आणण्याची गरज नाही. आपल्या फडताळातले पुरते.

खोबरेल तेल बहुतेकांना मानवते. हिवाळ्यात ते गोठते. अशा वेळी बाटली कोमट पाण्यात धरून ते पातळ करावे आणि मगच थेंब टाकावेत. गोठलेल्या तेलात थेंब एकाच जागी बसतो. विस्तवावर तापवू नये. सुगंधी अर्क पेट घेणारे असतात.

तिळाचे तेल मालिशीला उत्तम. त्याला स्वतःचा वास असतो, एवढेच. सूर्यफुलाचे किंवा करडईचे तेल हलके असते आणि कोरड्या कातडीला चांगले.

जवसाचे तेल खाण्यास गुणकारी, पण या कामाचे नाही. हवेत ते लवकर चिकट होऊन सुकते. म्हणूनच ते रंगकामात वापरतात. मोहरीचे तेल स्वतःच तिखट असते, नाजूक कातडीवर नको. मोहाच्या बियांचे तेल टाचांच्या भेगांना लोक लावतात, ते खुशाल लावावे. पण थंडीत ते घट्ट होते, त्यामुळे थेंब मोजून मिसळण्यासाठी गैरसोयीचे आहे. बाजारातील सुगंधी केसतेलात आधीच अत्तर असते, त्यात आणखी भर घालू नये.

पाणी चालत नाही, हे विशेष लक्षात ठेवावे. आंघोळीच्या बादलीत चार थेंब टाकले की ते वर तरंगत राहतात आणि पहिल्याच तांब्याबरोबर तसेच्या तसे अंगावर येतात. डोळ्यांत गेले तर हाल होतात.

माप कसे घ्यावे?

घरातले चमचे लहानमोठे असतात. खोकल्याच्या औषधाबरोबर मिळणारे, आकडे छापलेले प्लास्टिकचे झाकण धुऊन कोरडे करून साध्या तेलाच्या मापासाठी वापरावे. त्यावरची पाच मिलीची खूण म्हणजे आपला एक चमचा. अर्कासाठी बाटलीच्या तोंडाशी असलेला थेंब पाडणारा बूच काढू नये. एका मिलीत साधारण वीस थेंब धरतात. काही बाटल्यांचे थेंब लहान असतात आणि पंचवीस-तीसही भरतात. वीस धरून चालले तर चूक झालीच तरी ती कमीकडे होते.

पाच मिली म्हणजे शंभर थेंब. म्हणून एका चमच्यात एक थेंब म्हणजे शेकडा एक. हिशेब इतका सोपा आहे. पुढचे प्रमाण कात्रण काढून फडताळाच्या दाराला चिकटवावे.

चेहरा आणि मान, मोठ्या माणसांसाठी : दोन चमचे (१० मिली) तेलात १ थेंब. म्हणजे अर्धा टक्का.

अंगाला किंवा पायांना मालिश : एका चमच्यात (५ मिली) १ थेंब. तीस मिलीच्या बाटलीत ६ थेंब, शंभर मिलीत २० थेंब. म्हणजे एक टक्का.

दुखऱ्या लहानशा जागेवर, थोडे दिवस : एका चमच्यात २ थेंब. तीस मिलीत १२ थेंब. म्हणजे दोन टक्के. घरगुती वापरासाठी याच्या वर जाण्याचे कारण नाही.

साठीच्या पुढील माणसे आणि नाजूक कातडीचे : अंगालाही अर्धा टक्काच.

सहा ते बारा वर्षांची मुले : दोन चमच्यांत १ थेंब. दोन ते सहा वर्षे : चार चमच्यांत (२० मिली) १ थेंब, तोही गरज असेल तरच. दोन वर्षांखाली : नाही.

गरोदरपणाचे पहिले तीन महिने : नाही. त्यानंतर आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी डॉक्टरांना विचारून. स्तनांवर तर लावूच नये, ते बाळाच्या पोटात जाते.

हे प्रमाण लव्हेंडरचे आहे. सगळ्या अर्कांना एकच माप लावू नये. लवंग आणि गवती चहा यांची तेले अर्ध्या टक्क्याच्या वर नेऊ नयेत. दालचिनीच्या सालीचे तेल घरी त्वचेला लावूच नये. लिंबाची साल दाबून काढलेले तेल लावून उन्हात गेल्यास कातडी भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडतात. शेतावर जाणाऱ्यांनी ते टाळावे.

आधी तपासून पाहा

मिश्रण तयार झाले की थेट चेहऱ्याला लावू नये. कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर, दिवसातून दोन वेळा लावावे. हे आठवडाभर करावे. निदान तीन दिवस तरी करावेच, कारण ॲलर्जी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते. लाली, खाज, पुरळ यांपैकी काही आले तर ते तेल आपल्यासाठी नाही असे समजून सोडून द्यावे. काही आले नाही म्हणजे पुढे कधीच येणार नाही, असेही नाही. म्हणून रोज, महिनोन्महिने एकच सुगंधी तेल लावण्याची सवय लावून घेऊ नये.

जखम, गजकर्ण, इसब, रोवणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्या, यांवर सुगंधी अर्क लावू नये. तिथे कातडी फुटलेली असते. आधी डॉक्टरांना दाखवावे. दमा किंवा फिट येणाऱ्यांनीही विचारल्याशिवाय वापरू नये.

भाजल्यावर लव्हेंडर लावावे, असेही एक ठिकठिकाणी ऐकू येते. त्याचे मूळ फ्रान्समध्ये आहे. गॅटफॉस नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला १९१० साली प्रयोगशाळेतील स्फोटात भाजले. त्यानंतर जखम चिघळली, ती लव्हेंडरच्या अर्काने धुतल्यावर आटोक्यात आली, असे त्याने लिहून ठेवले. ‘अरोमाथेरपी’ हा शब्द त्याच्याच १९३७ च्या पुस्तकामुळे रूढ झाला. पण त्या काळी प्रतिजैविक औषधे नव्हती. आज भाजल्यावर करायचे काम एकच, ती जागा लगेच वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावी. तेल, तूप, टूथपेस्ट, लव्हेंडर, काही लावू नये.

लहान मुलांचे घर असेल तर

सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. सर्दी झालेल्या तान्ह्या बाळाच्या छातीला, टाळूला आणि नाकाखाली नीलगिरी किंवा कापराचे तेल चोळण्याची पद्धत आपल्याकडे आहे. आजीच्या मायेबद्दल शंका नाही. पण बाळाची कातडी पातळ, वजन कमी आणि श्वासनलिका अरुंद असते. कापूर आणि नीलगिरी पोटात गेल्यास किंवा जास्त प्रमाणात हुंगल्यास मुलांना फिट येऊ शकते, श्वास अडखळू शकतो. मोठ्यांनाही हे चुकलेले नाही. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील मेंदूविकारतज्ज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, फिट येऊन दाखल झालेल्या काही प्रौढ रुग्णांच्या बाबतीत अशा तेलांचा व बामांचा संबंध दिसून आला. बाळाला मालिश करायची तर साध्या तेलाने करावी. वासाची गरज आपल्याला असते, बाळाला आईचा वास पुरतो.

वयात न आलेल्या मुलग्यांबाबत एक गोष्ट सांगितली पाहिजे. अमेरिकेतील डॉक्टरांनी २००७ साली तीन मुलग्यांची नोंद प्रसिद्ध केली. लव्हेंडर किंवा टी-ट्री तेल असलेली प्रसाधने नेहमी वापरल्यानंतर त्यांच्या छातीची वाढ झाली होती आणि वापर थांबवल्यावर ती ओसरली. पुढच्या अभ्यासांत याबद्दल मतभेद झाले आणि संबंध सिद्ध झालेला नाही. घाबरण्याचे कारण नाही, पण रोजचा वापर टाळण्यात काही जात नाही.

बाटली नेहमी कुलपात किंवा उंचावर ठेवावी. औषधाच्या बाटल्यांशेजारी ठेवू नये. अंधारात खोकल्याचे औषध समजून दुसरीच बाटली पाजली जाते. चुकून प्यायल्यास ओकारी काढण्याच्या फंदात पडू नये, ते फुप्फुसात जाते. बाटली बरोबर घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठावे. डोळ्यांत गेल्यास पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जावे. कातडीवर तीव्र अर्क सांडला तर आधी साध्या खोबरेलाच्या बोळ्याने पुसावा, मग साबणाने धुवावे.

विकत घेताना आणि ठेवताना

वेष्टनावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव पाहावे. खऱ्या लव्हेंडरसाठी ‘लॅव्हॅन्ड्युला अँगस्टिफोलिया’ असे लिहिलेले असते. ‘स्पाइक लव्हेंडर’ ही वेगळी जात, तिच्यात कापराचा अंश बराच जास्त. नुसते ‘फ्रॅग्रन्स ऑइल’ लिहिले असेल तर ते कृत्रिम सुगंधाचे, अगरबत्ती-मेणबत्तीच्या कामाचे. ते अंगाला लावू नये. बाटली गडद रंगाच्या काचेची असावी. ती फोडली त्या दिवसाची तारीख चिकटपट्टीवर लिहावी. टोपण घट्ट लावून फ्रिजमध्ये किंवा माठाजवळच्या गार, अंधाऱ्या जागी ठेवावी. वर्ष उलटले, वास आंबूस किंवा उग्र झाला, की ती त्वचेसाठी बाद. तयार मिश्रणही तीस मिलीपेक्षा जास्त करून ठेवू नये आणि ते दोन महिन्यांत संपवावे.

झोपेसाठी लव्हेंडर हवे असेल तर आणखी सोपा उपाय आहे. वासाने मनाला आराम वाटतो, असे काही अभ्यास सांगतात. पण वासासाठी कातडीला लावण्याची आवश्यकता कुठे आहे? रुमालावर एक थेंब टाकून तो उशापासून हातभर दूर ठेवला तरी वास येतो. खोलीत लहान मूल किंवा दमेकरी नसावा, एवढे पाहावे. आणि झोप न येण्याचे कारण दुखणे, रक्तदाब किंवा काळजी असेल, तर ते कारण डॉक्टरांना सांगावे. कोणताही वास ते दूर करणार नाही.

त्या बाई आता बऱ्या आहेत. हातावरचे डाग गेले. पाठीला अधूनमधून साधे तिळाचे तेल कोमट करून लावतात आणि त्याने त्यांना बरे वाटते. मागच्या खेपेला त्यांनी माझी चिठ्ठी हातात घेऊन विचारले, ‘ह्या गोळीचं नेमकं किती ते नीट लिहा जी, थोडंसं म्हणू नका.’ मी हसलो खरा, पण मनात ते लागले. आकडा मोठ्या अक्षरात लिहून दिला.

वाचकांनीही हाच प्रश्न विचारण्याची सवय लावावी. डॉक्टरांना, दुकानदाराला, बाटली आणून देणाऱ्या मुलाला, सगळ्यांना विचारावे, ‘एका चमच्याला किती थेंब?’ उत्तर आकड्यात आले नाही, तर बाटलीचे टोपण उघडू नये.